थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन: मारामारीपेक्षा तालीम भारी

शेवटची रांग (धागाकर्ता)

आपल्याकडे कुंगफू सिनेमाचा विषय ब्रूस लीवर सुरू होतो आणि जॅकी चॅनवर संपतो. या दोघांच्या आगेमागे हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओने ढीगभर काम करून ठेवलंय, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. त्यातला माझा सगळ्यात लाडका म्हणजे १९७८ चा 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, पटकथा नी क्वांग, नायक गॉर्डन ल्यू. परवा पुन्हा पाहिला आणि लिहिल्यावाचून राहवेना. पुढे कथा सगळी उघड केली आहे, त्यामुळे न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

कथा म्हणाल तर दोन ओळींची. चीनमध्ये चिंग या मांचू घराण्याची राजवट, कँटन शहर, मांचू अधिकाऱ्यांचा जुलूम. ल्यू यू-ते नावाच्या विद्यार्थ्याचे मास्तर छुप्या बंडात सामील असतात, त्यांच्या नादाने तोही. सेनापती तिएन ता (लो लिए) बंड चिरडतो, मास्तर जातात, घरचे जातात. जखमी पोरगा लपतछपत शाओलिन मठ गाठतो. आता कुंगफू शिकायचं आणि सूड उगवायचा.

इथवर काही विशेष नाही, असे सिनेमे त्या काळात महिन्याला निघत होते. मग दिग्दर्शक सूड चक्क बाजूला ठेवतो आणि तासाभराच्या आसपास नुसतं शिक्षण दाखवतो.

तेही कसं, तर पहिलं वर्ष हातात झाडू. वर्षाने तो धीर करून विचारतो, मला शिकवणार कधी? मग कळतं की मठात पस्तीस दालनं आहेत, कुठून सुरुवात करायची ते तूच सांग. हा पठ्ठ्या म्हणतो, सगळ्यात वरून. तिथे वृद्ध भिक्खू सूत्रं म्हणत बसलेत. याला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि तो तिथून अक्षरशः बाहेर भिरकावला जातो. मग मुकाट्याने तळापासून. आता त्याचं नाव सान ते.

तळाचं पहिलं काम म्हणजे जेवायला पोचणं! भोजनशाळेच्या वाटेवर पाण्याचं टाकं, पाण्यात तरंगती लाकडं. त्यावर अलगद पाय टेकवून पलीकडे उडी मारायची. जोर दिला की लाकूड बुडणार आणि तुम्हीही. बाकीचे टणाटण उड्या मारत जातात आणि हा रोज भिजतो, उपाशी राहतो. शेवटी रात्री एकटाच येऊन सराव करतो.

मग दंडांचं दालन. दोन्ही हात बाजूला ताठ धरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या. दंडाला आतल्या बाजूने सुरे बांधलेले. हात जरा खाली आला की टोक बरगडीत. कोणी ओरडत नाही, छडी मारत नाही, सुराच शिकवतो.

मनगटाचं दालन मला सगळ्यात आवडतं. लांबलचक काठी एका टोकाला धरायची, दुसऱ्या टोकाला वजन, त्याने लांबची घंटा वाजवायची. समोर एक भिक्खू ताल देत बसलेला, त्या तालावरच घंटा वाजली पाहिजे. पहिल्यांदा ते बघताना वाटतं यात काय मोठं. घरी झाडूच्या दांड्याला पाण्याची बाटली बांधून करून बघा.

डोळ्यांच्या दालनात मान दोन्ही बाजूंनी जळत्या उदबत्त्यांमध्ये अडकवलेली, समोर मेणबत्ती झुलते, ती फक्त बुबुळं हलवून टिपायची. आणि डोक्याच्या दालनात टांगलेल्या वाळूच्या पिशव्यांची रांग, टकरा देत पुढे सरकायचं. सान ते टकुऱ्यावर टेंगळं घेऊन बाहेर येतो तेव्हा हसूही येतं आणि आईगंही निघतं.

तुम्हाला कोणतं दालन आवडतं, बोला.

कापूसकोंड्या

वा! लेख झकास. मी हा 'मास्टर किलर' नावाने पाहिला होता. व्हिडिओ लायब्ररीवाल्याने कॅसेटवर पेनने फक्त 'शाओलिन मारामारी' लिहिलं होतं. मारामारी कधी सुरू होते म्हणून आम्ही पोरं वाट बघत बसलो आणि बादल्यांच्या त्या प्रसंगानंतर कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळे हात ताठ करून कळश्या उचलायला लागले. सुऱ्यांऐवजी कंपासपेटीतली कर्कटकं होती, त्यावर झालेला प्रसाद वेगळा.

माझं मत मनगटाला.

तिरपागडा

पॉपकॉर्न घेऊन आलोय, जरा विरोधी सूर लावतो. 'रॉकी' १९७६ चा. तिथेही नायक पळतो, घाम गाळतो, संगीत वाजतं, तयार होतो. मग यात वेगळं ते काय? सरावाची दृश्यं तर आता प्रत्येक खेळाच्या सिनेमात असतात.

शेवटची रांग

तिरपागडे साहेब, प्रश्न बरोबर आहे, पण रॉकीतला सराव दोन-तीन मिनिटांत उरकतो. गाणं संपलं की माणूस तयार. तिथे काळ पुढे ढकलायचा असतो. इथे दिग्दर्शकाला काळ ढकलायचाच नाही. दर दालनात आधी अडचण काय ते दिसतं, मग हा कसा चुकतो ते दिसतं, मग काय युक्ती लढवतो ते दिसतं, आणि मग जमतं. प्रेक्षकालाही कळतं की पाण्यावरच्या लाकडावर उडी मारायला बळ नको, हलकेपण हवं. म्हणजे शिकतो सान ते, पण थोडे आपणही शिकतो. रॉकी बघून मला जिने चढावेसे वाटतात, हे बघून मनगट कशाने घडतं ते समजतं.

दुसरं म्हणजे रॉकीत सगळं त्या एका लढतीसाठी. सान ते मात्र शिकता शिकता ज्यासाठी आला तेच विसरतो की काय असं वाटायला लागतं.

लालमाती

धाग्यावर यायलाच लागलं. मी लहानपणी गावच्या तालमीत जायचो. वस्तादांनी सुरुवातीचे कित्येक महिने एक डाव शिकवला नाही. पहाटे उठून हौद्यातली माती फावड्याने खणायची, मग जोर, बैठका, मोठ्या पैलवानांचं अंग रगडायचं, घरी जायचं. विचारलं तर उत्तर एकच, आधी मेहनत. माती खणताना खांदा, पाठ आणि पकड एकदम तयार होते हे पुढे लढत करायला लागल्यावर कळलं. तोवर वाटायचं की म्हातारा फुकट राबवून घेतोय.

म्हणून तो झाडूवाला भाग बघताना मला काही अजब वाटलं नाही. आमच्या वस्तादांना हा सिनेमा दाखवला असता तर म्हणाले असते, यात दाखवण्यासारखं काय आहे, असंच असतं की.

अवांतर: सान तेला खुराक मात्र काहीच दिसत नाही. भात आणि पाला खाऊन एवढी मेहनत? बदाम नाहीत, दूध नाही. पटत नाही राव.

कापूसकोंड्या

लालमातीभाऊ, खुराकाचं लई भारी. =))

दिवेलागण

सुंदर चर्चा. यात एक धागा जोडते, कारण हा सिनेमा असा का झाला ते त्यात आहे.

लाउ कार-लेउंग हा नुसता सिनेमावाला नव्हता. त्याचे वडील लाउ चाम हे हुंग गार या दक्षिणी शैलीचे गुरू. ते लाम साय-विंगचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे थेट दंतकथा झालेल्या कुंगफू गुरू वाँग फेइ-हुंगचे शिष्य. म्हणजे ज्या वाँग फेइ-हुंगवर हाँगकाँगमध्ये १९४९ पासून सिनेमांची रांग लागली, त्याच्याच परंपरेत हा चौथा. तरुणपणी क्वान ताक-हिंग या नटाच्या त्याच वाँग फेइ-हुंग सिनेमांत तो किरकोळ कामं आणि मारामाऱ्या करत होता. पुढे शॉ ब्रदर्समध्ये तोंग काय या जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षं चांग चेह या दिग्दर्शकाच्या सिनेमांतल्या लढाया बसवल्या. १९७५ साली 'द स्पिरिच्युअल बॉक्सर'पासून स्वतः दिग्दर्शक.

गॉर्डन ल्यू हा त्याच्या वडिलांचा शिष्य आणि मानलेला मुलगा. जन्मनाव वेगळं, आडनाव गुरूच्या घराण्याचं लावलं. म्हणजे पडद्यावर सान ते जे शिकतोय ते त्या नटाने त्याच घरात शिकलेलं आहे, आणि कॅमेऱ्यामागे गुरुबंधू उभा आहे. धाकटा भाऊ लाउ कार-विंगसुद्धा सिनेमात आहे. घरचाच मामला.

त्यामुळे काय होतं बघा. इतर दिग्दर्शक लढाईचे तुकडे तुकडे करून जोडायचे, कारण नटाला दोन वारांपलीकडे काही यायचं नाही. लाउ कॅमेरा मागे घेतो, डोक्यापासून पायापर्यंत माणूस दिसेल इतका, आणि पाच-सहा-सात चाली सलग करू देतो. पाय कुठे आहे, कंबर कशी वळते, हे दिसतं. त्याला कला दाखवायची आहे, नुसता परिणाम नाही.

चांग चेहशी त्याचं पटलं नाही यातही नवल नाही. चांग चेहचे नायक पोटात तलवार घेऊनही अर्धा तास लढतात आणि रक्ताच्या थारोळ्यात मरतात. लाउच्या सिनेमात समोरच्याला न मारता थांबवता आलं तर तो मोठा. 'हीरोज ऑफ द ईस्ट' हा त्याच १९७८ सालचा त्याचा दुसरा सिनेमा बघा, नायक पुन्हा गॉर्डन ल्यू. जपानी योद्ध्यांशी एकामागून एक लढती आणि अख्ख्या सिनेमात कोणी मरत नाही.

शेवटची रांग

दिवेलागण ताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

खोडरबर

इतिहासाचं काय? हे सगळं खरं घडलेलं आहे का? चिंगआधीच्या मिंग घराण्याशी निष्ठ बंडखोर, शाओलिन, सेनापती वगैरे.

दिवेलागण

शाओलिन मठ खरा. हनान प्रांतात सोंगशान डोंगराच्या कुशीत, स्थापना इसवी सन ४९५ ची सांगतात. भिक्खू काठी चालवत हेही खरं, मिंग काळातल्या लेखनात ते आहे. पण चिंग सम्राटाने मठ जाळला, पाचजण निसटले आणि त्यांनी दक्षिणेत बंडाची बीजं पेरली ही गोष्ट गुप्त मंडळांच्या दंतकथांतली. त्यातूनच ती कादंबऱ्यांत गेली आणि तिथून सिनेमात. सोंगशानचा मठ मोठ्या प्रमाणावर जळाला तो १९२८ मध्ये, तोही सम्राटामुळे नाही तर लष्करी सरदारांच्या आपसांतल्या लढाईत.

सान ते हेही दंतकथेतलंच पात्र. पस्तीस दालनांची रचना म्हणजे सिनेमावाल्यांची करामत. मला त्याने काही फरक पडत नाही. गोष्ट दक्षिण चीनमधल्या कुंगफू घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि त्यांच्यातल्याच एकाने ती पडद्यावर सांगितली.

अजून एक. सिनेमातला मठ सोंगशानचा नाही, हाँगकाँगच्या क्लिअरवॉटर बे इथल्या शॉ स्टुडिओतला सेट. त्या काळात हाँगकाँगच्या मंडळींना चीनमध्ये जाऊन चित्रीकरण करणं शक्यच नव्हतं. खऱ्या मठात चित्रित झालेला गाजलेला सिनेमा म्हणजे १९८२ चा 'शाओलिन टेंपल', जेट लीचा पहिला. तिथे खरे डोंगर दिसतात, पण मला तो रंगवलेला सेटच जास्त खरा वाटतो. आता हसा.

खोडरबर

हसत नाही, समजलं. सेट आहे हे मात्र लपत नाही हं. काही ठिकाणी आभाळ चक्क भिंतीवर रंगवलेलं दिसतं. आणि ते खाडकन झूम करणं! माणूस दचकला की कॅमेरा त्याच्या नाकात.

कापूसकोंड्या

झूमला नावं ठेवायची नाहीत. झूम नसेल तर शॉ ब्रदर्स कसला? आणि हवेत नुसता हात फिरवला तरी येणारा तो 'फट्‌' आवाज.

निवांत

आवाजाचं सांगायचं तर त्या काळी शॉचे सिनेमे चित्रित होताना आवाज ध्वनिमुद्रित करतच नसत. सेटवर कोणी कँटोनीज बोले, कोणी मँडरिन. नंतर व्यावसायिक आवाजकार मँडरिनमध्ये सगळं बोलत. त्यामुळे मूळ भाषेतला सिनेमा बघतोय असं म्हणताना जरा सांभाळून, तोसुद्धा डबच आहे. आपल्यापर्यंत पोचलेली इंग्रजी आवृत्ती म्हणजे डबवर डब.

तरी शक्य असेल तर मँडरिनच बघा. इंग्रजीत सगळे भिक्खू एकाच माणसाच्या आवाजात खेकसतात.

आणखी एक, जुन्या कॅसेटी बघून मत बनवू नका. रुंद पडद्याचा सिनेमा टीव्हीत बसवायला दोन्ही बाजू छाटलेल्या असायच्या. काठीची लढाई असेल तर काठीचं टोकच गायब. २००० नंतर शॉचा जुना खजिना सेलेस्टियल पिक्चर्सकडे गेला, त्यांनी प्रती साफ करून काढल्या. त्या बघितल्यावर कळतं की आर्थर वाँगचं छायाचित्रण किती देखणं आहे.

तिरपागडा

ठीक आहे, मधल्या तासाबद्दल मी शरण. पण शेवटचं काय? मठातून बाहेर आल्यावर सगळं घाईघाईत. गावात येतो, इकडून तिकडून चेले गोळा करतो, सेनापतीला गाठतो, मारतो, खेळ खल्लास. एवढा लो लिएसारखा नट घेतलाय आणि त्याला काम काय, तर सुरुवातीला क्रूर दिसायचं आणि शेवटी मरायचं. शेवटच्या लढाईपेक्षा मठातल्या त्या दोन सुऱ्यांवाल्या भिक्खूबरोबरच्या लढती कितीतरी सरस आहेत.

शेवटची रांग

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के सहमत. त्या लढतींबद्दल मूळ लेखात लिहायचं राहिलं. सगळी दालनं पार केल्यावर सान तेला सांगतात, कोणत्याही दालनाचा प्रमुख हो. पण न्यायदालनाचा प्रमुख (ली होई-सांग) आडवा येतो. आधी मला हरव. त्याच्या हातात दोन आखूड रुंद सुरे. सान ते लढतो, हरतो. पुन्हा तयारी करून जातो, पुन्हा हरतो. सिनेमाचा नायक, आधीच सगळ्यात हुशार म्हणून नावाजलेला, आणि सगळ्यांसमोर परत परत हरतो. शेवटी साखळीने जोडलेल्या तीन दांड्यांची काठी तो स्वतः घडवतो आणि मग जिंकतो. म्हणजे पस्तीस दालनांत नसलेली गोष्ट त्याला स्वतः शोधावी लागते. (हत्यार चीनमध्ये आधीपासून होतं, शोध फक्त कथेतला.)

आता शेवटाचं. तो घाईचा आहे, मान्य. पण मला वाटतं लाउला सूड उरकायचाच होता. सिनेमाची खरी मागणी वेगळी आहे. जिंकल्यावर सान तेला विचारतात, बोल कोणतं दालन हवं? तो म्हणतो, यातलं एकही नको, छत्तिसावं उघडू द्या, आणि तिथे मठाबाहेरच्या साध्या लोकांना शिकवू द्या. मोठे भिक्खू भडकतात. ही विद्या भिंतीबाहेर जायची नाही. प्रमुख महंत मोठा हुशार. तो सान तेला शिक्षा म्हणून मठाबाहेर काढतो, आणि बाहेर काढल्यामुळेच सान तेला हवं ते करायला मोकळीक मिळते. शिक्षा देताना त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही.

आणि शेवटचं दृश्य सूडाचं नाहीच. सेनापती मेला, कट, मठात छत्तिसाव्या दालनात सामान्य पोरं कवायत करताहेत, सान ते शिकवतोय, समाप्त. सूड मिळाल्याचं समाधान वगैरे दाखवायला एक सेकंदही दिलेला नाही.

लालमाती

हे पटलं. तीन दांड्यांच्या काठीबद्दल, आमच्याकडेही जो पोरगा वस्तादांचेच डाव तसेच्या तसे करायचा तो जिल्ह्यापुढे गेला नाही. स्वतःच्या अंगाला बसेल असा एक डाव काढावा लागतो.

तिरपागडा

ते बाहेर काढणं ही महंताची चाल होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा बघावा लागणार. तरी लो लिएवर अन्याय झालाच. त्याला भरपेट काम बघायचं असेल तर १९७७ चा 'एक्झिक्यूशनर्स फ्रॉम शाओलिन'. दिग्दर्शक हाच, लो लिए पांढऱ्या भुवयांचा पाय मेइ. असला खलनायक होणे नाही.

कापूसकोंड्या

पाय मेइ म्हणजे 'किल बिल'मधला म्हातारा ना? तो तर गॉर्डन ल्यू होता.

निवांत

हो, तीच तर गंमत. टॅरँटिनोने २००३ च्या पहिल्या भागात गॉर्डन ल्यूला जॉनी मो केला आणि २००४ च्या दुसऱ्या भागात पाय मेइ. आयुष्यभर ज्या पाय मेइच्या माणसांशी लढला, तोच होऊन दाढी कुरवाळत बसला. शिष्येला बादल्या घेऊन पायऱ्या चढायला लावतो ते कुठून आलं ते आता सांगायला नको.

अमेरिकेत या सिनेमाचं वेड वेगळंच. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरची स्वस्त थिएटरं आणि मग टीव्ही, इथे कृष्णवर्णीय पोरांनी हे सिनेमे पाहून पाहून पाठ केले. त्यातल्याच स्टेटन आयलंडच्या टोळक्याने १९९३ साली पहिला रॅप अल्बम काढला, 'एंटर द वू-टँग (थर्टी सिक्स चेंबर्स)'. त्यांच्यातल्या रिझाने पुढे २०१२ मध्ये स्वतःचा कुंगफू सिनेमा काढला आणि त्यात गॉर्डन ल्यूला घेतलं. सान ते विद्या बाहेर नेऊ द्या म्हणत होता, ती कुठवर गेली बघा.

खोडरबर

गॉर्डन ल्यू आता काय करतात?

निवांत

२०११ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून काम बंद. लाउ कार-लेउंग २०१३ च्या जूनमध्ये गेले.

सांजफुलं

सगळं वाचलं, सिनेमाही पाहिलेला आहे, आवडलाही. पण एक कुरकुर नोंदवते. अख्ख्या सिनेमात बाई औषधालाही नाही. मठ आहे, समजू शकते, पण कँटनमधल्या दृश्यांतही नाही? छत्तिसावं दालन 'सगळ्यांसाठी' उघडलं म्हणता, त्यात शेवटी दिसतात ते सगळे मुलगेच.

दिवेलागण

सांजफुलं, कुरकुर रास्त आहे. यावर उतारा त्याच दिग्दर्शकाकडे आहे, 'माय यंग आंटी', १९८१. कारा हुई वयाने लहान पण नात्याने मोठी, त्यामुळे तिच्याहून थोराड पुतण्याने तिला वाकून नमस्कार करायचा. मानपान, वारसा, भांडणं, आणि मारामारीत ती सगळ्यांची उतरवते. पहिल्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक तिला याच सिनेमासाठी मिळालं. आपल्याकडच्या कुठल्याही एकत्र कुटुंबातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

सांजफुलं

यादीत टाकला. धन्यवाद!

कापूसकोंड्या

याचे पुढचे भाग बघावे का?

शेवटची रांग

दुसरा जरूर. १९८० चा 'रिटर्न टू द थर्टी सिक्स्थ चेंबर'. त्यात गॉर्डन ल्यू सान ते नाहीच, सान तेची नक्कल करणारा भुरटा आहे. मठात त्याला कुंगफू शिकवतच नाहीत, बांबूची परांची बांधायला लावतात. तो रडतखडत बांधतो आणि परांची बांधता बांधता काय शिकला हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. विनोदी आहे, पण डोकं पहिल्या भागाचंच. तिसरा, १९८५ चा, ठीकठाक. तो सोडला तरी चालेल, त्याऐवजी १९८४ चा 'एट डायग्रॅम पोल फायटर' बघा. त्याच्या चित्रीकरणादरम्यान १९८३ मध्ये फू शेंग हा नट मोटार अपघातात गेला, कथा बदलावी लागली आणि सगळा भार गॉर्डन ल्यूवर आला. त्या सिनेमाभर एक राग भरून राहिलाय. रात्री एकट्याने बघू नका.

दाणेकूट

उशिरा आलो. रविवारी पोराबरोबर बघायचा विचार आहे, दहा वर्षांचा आहे. चालेल का?

शेवटची रांग

चालेल. सुरुवातीला अत्याचार आणि हत्या आहेत, तो भाग आधी स्वतः बघून ठरवा, नाहीतर सरळ मठात पोचल्यापासून लावा. तिथून पुढचा तासभर पोरगा जागचा हलणार नाही.

लालमाती

आणि उदबत्त्या, मेणबत्त्या, सुऱ्या वरच्या फळीवर ठेवून द्या.

कापूसकोंड्या

कर्कटकंसुद्धा.